हाताने बांधलेल्या चाकाचे आरे सैल का पडतात?

सायकलचा सुटा आरा हाताने सहज वाकतो. तरीही असे ३६ आरे माणसाचे वजन पेलतात, कारण चाक बांधतानाच ते ताणून बसवलेले असतात. चालताना जमिनीकडील आऱ्यांचा ताण उतरतो आणि चाक पुढे सरकताच पूर्ववत होतो. मूळ ताण अपुरा असेल, तर खालचा आरा क्षणभर पूर्ण ढिला होतो आणि प्रत्येक फेऱ्यागणिक निपल किंचित उलगडत जाते. आरे सैल पडण्याचे नेहमीचे कारण हेच. असा आरा पुढे हबपाशी, वाकवलेल्या कोपऱ्यात तुटतो. निपलला चिकटद्रव लावल्याने मूळ दोष केवळ झाकला जातो.

नव्या चाकात आणखी दोन शक्यता असतात. निपल कसताना आरा स्वतःच पिळला जातो आणि पहिल्या फेरीत टिकटिक करीत पीळ सोडतो. म्हणून निपल हवे त्याहून थोडे अधिक फिरवून तितकेच मागे घ्यावे. दुसरे, आऱ्याचा कोपरा हबच्या कडेवर नीट बसलेला नसतो. जवळजवळ समांतर आऱ्यांच्या जोड्या मुठीत घट्ट आवळल्या की तो बसतो. जोब्स्ट ब्रँट यांनी ‘द बायसिकल व्हील’ (१९८१) या पुस्तकात या कृतीचा आग्रह धरला आहे. आवळल्यानंतर ताण पुन्हा तपासावा लागतो, हे मात्र घाईत विसरले जाते.

गिअरच्या सायकलीत मागच्या चाकाची डावी बाजू प्रथम ढिली पडते. दातेरी चकत्यांना जागा देण्यासाठी हबची उजवी कड आत घेतलेली असते. त्यामुळे उजवीकडे साधारण १०० ते १२० किलोग्रॅम ताण असताना डावीकडे तो बहुधा निम्म्याहून थोडाच अधिक असतो. अशा वेळी केवळ डावे आरे कसले, तर रिम त्या बाजूला ओढली जाते. रिमला सोसेल तितका ताण आधी उजवीकडे द्यावा. डावीकडे मध्यभागी बारीक केलेले आरे वापरणेही हिताचे, कारण ते अधिक ताणले जातात आणि सहजी ढिले पडत नाहीत.

चाकाचा ‘आऊट’ निघाला म्हणजे ताण जुळला, असे नव्हे. एका बाजूचे आरे बोटाने छेडून पाहावेत. एखाद्याचा स्वर खाली आला, तर तो सैल. तोच आरा पुनःपुन्हा सैल होत असेल, तर रिमच्या छिद्राभोवती बारीक तडे आहेत का, हे पुसून पाहावे. तडा दिसल्यास निपल कसू नये, रिम बदलावी.