घडी, झडती आणि असईचा हत्ती

राज्य सुरळीत चालते तेव्हा आपण म्हणतो, त्याची घडी बसली. ते ढासळू लागले की घडी विस्कटली म्हणतो. वस्त्रव्यवहारातले हे रूपक जिभेवर इतके रुळले आहे की त्यामागे एखादे वस्त्र आहे, ते दुमडणारे हात आहेत आणि दुमड सरळ आहे की नाही हे तपासणारी नजर आहे, याचा आपल्याला विसर पडतो. लष्करात मात्र हे रूपक शब्दशः खरे असते. तेथे गणवेशाची घडी नीट नसेल तर शिपायाला शिक्षा होते. अशा क्षुल्लक वाटणाऱ्या कृतीत सत्तेचा स्वभाव पुष्कळदा अधिक स्पष्ट दिसतो, असे आम्हांला वाटते; आणि ते पाहण्यासाठी जालना जिल्ह्याइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल.

आरंभ मराठी लष्करापासून करू. बारगीराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार घोडा आणि हत्यार स्वतःचे आणी. एकसारखा गणवेश नव्हता, त्यामुळे एकसारख्या घडीचा प्रश्नही नव्हता. खुर्जीत आणि वळकटीत मावेल ते सामान. तरीही तपासणी होतीच. शिवकालीन लष्कराची व्यवस्था सांगताना कृष्णाजी अनंत सभासद लिहितो की, दसऱ्यानंतर मोहिमेस निघताना लहानथोर प्रत्येकाच्या चीजवस्तूंची यादी करावी आणि पावसाळ्यापूर्वी परतल्यावर झडती घ्यावी. यादीबाहेरचा ऐवज सापडला तर त्यावर सरकारचा हक्क. ही झडती शिपायाजवळ जास्त काय आहे हे शोधणारी होती. गाठोडे कसे बांधले आहे याच्याशी तिला कर्तव्य नव्हते. मुलुखातून आणलेली लूट त्यात दडवली आहे काय, एवढेच ती पाहत होती.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्र पालटले. इब्राहिमखानाचे गारदी १७६१ मध्ये पानिपतावर लढले. १७८४ नंतर महादजी शिंदे यांनी द बॉयन्य या फ्रेंच भाषक सेनानीकडून कवायती पलटणी उभारून घेतल्या. त्याच परंपरेतील पलटणी २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्याच्या उत्तरेस, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असईजवळ उभ्या होत्या. त्यांचा प्रमुख पोलमन हा हॅनोव्हरचा. समोर आर्थर वेलस्ली, त्याच्याकडे गोऱ्या पलटणी आणि मद्रास फौजेचे देशी शिपाई. सकाळची मजल मारून वेलस्ली नळणीस पोहोचला. शत्रू अपेक्षेपेक्षा फार जवळ असल्याचे तेथे कळताच त्याने सारे सामानसुमान पहाऱ्यात मागे ठेवले आणि तो लढाईस निघाला. संध्याकाळपर्यंत कंपनीकडील मृत आणि जखमी मिळून पंधराशेहून अधिक झाले. शिंदे-भोसल्यांच्या सुमारे शंभर तोफा गेल्या.

इतिहासकार तोफा मोजतात. आमचे मन नळणीच्या त्या सामानापाशी घुटमळते. सकाळी तेथे बांधून ठेवलेल्या कित्येक गाठोड्यांचे धनी रात्री उरले नव्हते. मेलेल्या गोऱ्या सैनिकाचे सामान त्याच्याच पलटणीत लिलावाने विकण्याची तेव्हा रीत होती. एकाचा सदरा दुसऱ्याच्या अंगी जाई. गणवेशाचे मर्म येथे आहे. आतला माणूस बदलला तरी वस्त्र तेच राहावे, अशीच त्याची योजना असते.

कंपनीच्या फौजेत देशी शिपायाच्या गणवेशापोटी त्याच्याच पगारातून रक्कम कापली जाई. म्हणजे वस्त्राचे पैसे त्याचे. ते कसे घालावे आणि कसे ठेवावे याचा हुकूम मात्र दुसऱ्याचा. असईनंतर तीनच वर्षांनी याच मद्रास फौजेला नवे पागोटे देण्यात आले. ते शिपायांना टोपीसारखे वाटले. त्याच्या जोडीला परेडवर गंध लावू नये, दाढी नियमाप्रमाणे असावी, कर्णभूषणे काढावीत असे हुकूम निघाले. १० जुलै १८०६ रोजी वेल्लोरच्या किल्ल्यात उठाव झाला. त्याची इतर कारणेही होती. पण वस्त्राची शिस्त अंगापर्यंत आणि तेथून धर्मापर्यंत पोहोचली, तेव्हा घडी उसवली हे खरे.

असईनंतर जालन्यास छावणी वसली. १८१७ च्या युद्धात डव्हटनची फौज येथूनच नागपुरावर गेली. पुढे निजामाच्या खर्चाने पोसलेल्या हैदराबाद कंटिंजंटचे हे एक ठाणे झाले. १९०३ मध्ये ते दल हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाले. छावणी म्हटली की पलटणीमागून शिंपी, मोची, परीट आलेच. शिपायाच्या कडक इस्त्रीचे श्रेय त्याच्या शिस्तीला मिळे. त्यातले कष्ट पुष्कळदा परटाचे असत. मराठीने ही नोंद 'परीटघडी' या शब्दात प्रामाणिकपणे करून ठेवली आहे. परीटघडीच्या कपड्यात आपण मिरवतो, पण शब्दाचा पूर्वार्ध उच्चारताना थांबत नाही.

छावणीतली तपासणी सभासदाच्या झडतीच्या उलट दिशेने चालते. पेटी उघडायची, घड्या एका रेषेत मांडायच्या आणि काय कमी आहे, काय वाकडे आहे ते पाहायचे. हरवलेल्या वस्तूची भरपाई शिपायाकडून. पहिल्या तपासणीला रयतेचे नुकसान दिसत होते, निदान नियमापुरते तरी. दुसरीला सरकारी मालाचे नुकसान दिसते. दोन्हींना आपण 'शिस्त' हा एकच शब्द वापरतो. विद्यार्थ्यांपुढे शिस्तीचा गौरव करताना आम्हीही तो सरसकट वापरत आलो, याची कबुली येथे दिलेली बरी.

एक गोष्ट उरते. मद्रास रेजिमेंट आज स्वतंत्र भारताच्या सैन्यात आहे. तिच्या बोधचिन्हावर हत्ती आहे आणि तो असईच्या लढाईचे स्मारक आहे. या रेजिमेंटचे केंद्र निलगिरीतल्या वेलिंग्टन येथे. ते नावही वेलस्लीच्याच पुढच्या किताबावरून पडलेले. तेथे आजही कोणी जवान आपला गणवेश काळजीपूर्वक घडी घालून पेटीत ठेवत असेल. त्या गणवेशाबरोबर जालना जिल्ह्यातले एक लहानसे गावही पेटीत जाते: हिंदी शिपायांनी हिंदी शिपायांना जेथे मारले, ते गाव. घडी नीट बसलेली असते, म्हणून आत काय आहे हे दिसत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने ती अधूनमधून उलगडावी, एवढेच.