रकाना आणि वस्ती

पिंपळे सौदागर म्हटले की आज उंच इमारती डोळ्यांपुढे उभ्या राहतात. 1917 साली डॉ. हॅरॉल्ड मॅन यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा ते पवनेकाठचे एक साधे शेतकरी गाव होते. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाच्या या प्राचार्यांनी गावाची जमीन आणि जुने कागद तपासून एक छोटा तक्ता मांडला. 1771 साली एका खातेदाराकडे सरासरी 40 एकर जमीन होती, 1818 साली साडेसतरा, आणि 1914-15 मध्ये अवघी सात.

पुढच्याच वर्षी, 1918 साली, बाबासाहेबांनी हिंदुस्थानातील लहान शेतीवर इंग्रजीत जो निबंध लिहिला, त्यात हा तक्ता आहे. त्यांनी आकडे नाकारले नाहीत. आकड्यांवरून इतर पंडित जो निष्कर्ष काढीत होते तो नाकारला. तुकडे एकत्र करा, म्हणजे शेती सुधारेल, असे सारे म्हणत होते. बाबासाहेब म्हणाले, एकरांवरून शेत लहान की मोठे हे ठरतच नाही. कसणाऱ्यापाशी बैल, अवजारे, भांडवल किती, आणि जमिनीवर रिकामे बसलेले हात किती, ते पाहा. या हातांना उद्योगधंद्यांत काम मिळाले पाहिजे, हे त्यांचे उत्तर होते. त्याच पवनेकाठी पुढे कारखाने आले, हा योगायोगही ध्यानात घेण्याजोगा आहे.

शासनाने गोळा केलेले आकडे आता तळहातावर आले आहेत. तळेगावात, जिथे बाबासाहेबांचे घर होते, मी इतिहास शिकवतो. आणि माझी मुले मोबाइलवर मावळातल्या आपापल्या गावांची जनगणना काढून आलेख रेखाटतात. आमच्या घरात मीच पहिला पदवीधर. माझ्या वेळी असे कागद पाहायला मिळणे म्हणजे कुणाच्या तरी ओळखीची गोष्ट होती. म्हणून या सोयीचे मला मनापासून कौतुक आहे. पण एका मुलीने 1961 च्या जिल्हा पुस्तिकेतील आपल्या गावाची ओळ दाखवून विचारले, “सर, आमची माणसं तेव्हा गावात नव्हती का?” अनुसूचित जातींच्या रकान्यात जवळजवळ काहीच नव्हते. तिची आजी त्याच वस्तीत सून म्हणून आलेली.

माणसे होती. रकाना सोडून गेली होती. 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरची दीक्षा झाली. 1951 साली महाराष्ट्रात अडीच हजारही बौद्ध नव्हते, 1961 साली ते 27,89,501 झाले. परंतु अनुसूचित जातींच्या आदेशानुसार त्या यादीत हिंदू आणि शीख एवढेच बसत होते. परिणामी राज्यात अनुसूचित जातींचे प्रमाण 5.6 टक्क्यांवर आले. धर्मवार आकडे तालुक्याच्या पातळीवर थांबतात. गावाच्या ओळीत धर्माचा रकानाच नसतो. म्हणजे बौद्ध माणूस गावच्या एकूण बेरजेत आहे, पण समाज म्हणून कुठेच नाही.

1971 साली हे प्रमाण 6 टक्के होते. 1990 साली कायदा दुरुस्त होऊन बौद्धांचा समावेश झाला आणि 1991 साली प्रमाण 11.1 टक्के झाले. माझ्या एका विद्यार्थ्याने या चढत्या रेषेखाली ‘जन्मदर वाढला’ असे लिहून ठेवले होते! त्याला हसू नये. मोठमोठ्या अहवालांचे लेखकही आलेख असेच वाचतात.

आता दुसऱ्या काही तारखा शेजारी ठेवा. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, 1970 साली पिंपरी-चिंचवड नगरपालिका, 1972 साली नवनगर प्राधिकरण, 1982 साली महापालिका. हा सारा पट्टा ज्या तीस वर्षांत आखला गेला, नेमकी तीच तीस वर्षे आमच्या वस्त्या गाववार तक्त्यात दिसत नाहीत. राज्य शासनाने नवबौद्धांना सवलती दिल्या होत्या, हे खरे. पण सवलत वेगळी आणि गणती वेगळी. रकाना रिकामा म्हणून वस्तीत नळ आला नाही, असे मी म्हणणार नाही. नळ न येण्याला गावात दुसरी कारणे भरपूर होती. मात्र नळ कुठे नाही, हे कागदावर शोधू पाहणाऱ्या प्रामाणिक अधिकाऱ्यालाही तो कागद काही सांगत नव्हता.

आजही पेच सुटलेला नाही. 2011 साली महाराष्ट्रात 65,31,200 बौद्ध नोंदले गेले; त्यांपैकी अनुसूचित जातीत मोजले गेले सुमारे 52 लाख. उरलेल्यांत जात लिहिण्याचे नाकारणारे किती, ते तक्ता सांगत नाही. धर्मापुढे ‘बौद्ध’ लिहून जातीपुढे पुन्हा सोडलेले नाव लिहावे, तेव्हाच माणूस त्या रकान्यात येतो. 2027 च्या जनगणनेत प्रत्येकाची जात नोंदवण्याचे केंद्राने 2025 साली ठरवल्यापासून आमच्या घरी यावर वाद आहे. वडील म्हणतात, “एकदा टाकलेलं पुन्हा हातात घ्यायचं नाही. माझ्यापुढं नुसतं बौद्ध लिही.” मी दोन्ही लिहिणार आहे. योजना रकान्यावर चालते आणि न मोजल्याचा फायदा नेहमी दुसऱ्यालाच होतो, असे माझे मत आहे. पण वडिलांचा नकार मला अडाणीपणा वाटत नाही. ज्यासाठी धर्मांतर झाले, तेच ते बोलत असतात.

दरम्यान वर्गात एक काम सुरू केले आहे. 1961 ची ओळ घेऊन मुलांनी वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडे बसायचे आणि तेव्हाची घरे एकेक करून लिहून काढायची. कोण रेल्वेत, कोण दारूगोळ्याच्या कारखान्यात, कोण मुंबईला. त्या मुलीने आजीपासून सुरुवात केली. आजी पहिल्या घराचे नाव सांगून थांबली, आणि म्हणाली, “हे लिहून कुणाला नेऊन देणार गं?”