मृत ताऱ्यांचे अवशेष : विश्वकिरणांचे कारखाने

७ ऑगस्ट १९१२ रोजी ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ व्हिक्टर हेस फुग्यातून सुमारे ५,३०० मीटर उंचीवर गेले. वर जावे तसा किरणोत्सार कमी होण्याऐवजी वाढत असल्याचे त्यांना आढळले. अवकाशातून होणाऱ्या या माऱ्याला पुढे ‘विश्वकिरण’ असे नाव मिळाले आणि हेस १९३६ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. हे किरण म्हणजे वस्तुतः विद्युतभारित कण असून त्यांत सुमारे ९० टक्के प्रोटॉन असतात.

हे कण येतात कोठून? वाल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३४ मध्ये सुपरनोव्हाकडे, म्हणजेच ताऱ्याच्या महास्फोटाकडे बोट दाखवले. परंतु पुरावा मिळण्यास जवळजवळ ८० वर्षे लागली. विद्युतभारित कणांचा मार्ग आकाशगंगेतील चुंबकीय क्षेत्रामुळे सतत वळत राहतो. त्यामुळे कण ज्या दिशेने आला, तेथेच त्याचे उगमस्थान असेल असे म्हणता येत नाही.

स्फोटात फेकले गेलेले द्रव्य सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने पसरते आणि त्याच्या पुढे आघात तरंग धावतो. तरंगाच्या दोन्ही बाजूंच्या अस्ताव्यस्त चुंबकीय क्षेत्रांमुळे काही कण ही सीमा पुनःपुन्हा ओलांडतात. समोरून येणाऱ्या बॅटवर आदळलेला चेंडू अधिक वेगाने परततो, तशीच प्रत्येक फेरीत कणाची ऊर्जा थोडी वाढते. एन्रिको फर्मी यांनी १९४९ मध्ये मांडलेली ही मूळ कल्पना १९७७-७८ च्या सुमारास काही संशोधकांनी आघात तरंगांना लागू केली.

इ.स. १००६ मध्ये दिसलेल्या सुपरनोव्हाच्या अवशेषात इलेक्ट्रॉन सुमारे १०० लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत पोहोचतात, हे १९९५ मध्ये क्ष-किरणांवरून उमगले. प्रोटॉनचा पुरावा मात्र कठीण होता. वेगवान प्रोटॉन वायूवर आदळला की पायॉन नावाचे अल्पजीवी कण निर्माण होतात. त्यांपैकी विद्युतभाररहित पायॉनचे गॅमा किरणांत रूपांतर होते आणि हे किरण सरळ रेषेत येतात. त्यांची विशिष्ट खूण फर्मी उपग्रहाला मिथुन राशीतील आयसी ४४३ आणि गरुड तारकासमूहातील डब्ल्यू ४४ या अवशेषांत सापडली. हे निष्कर्ष २०१३ मध्ये जाहीर झाले.

तरीही कोडे पूर्ण सुटलेले नाही. आकाशगंगेतील विश्वकिरण सुमारे ३,००० लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत पोहोचतात, असे मानले जाते. ही ऊर्जा लार्ज हॅड्रॉन कोलायडरमधील प्रोटॉनच्या सुमारे ४०० पट आहे. अवशेष एवढा पल्ला गाठतात काय, याबद्दल मतभेद आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा उटी येथील ‘ग्रेप्स-३’ प्रयोग याच शोधात सहभागी आहे. प्रोटॉनची संख्या वाढत्या ऊर्जेबरोबर एकाच प्रमाणात घटत जाते, अशी समजूत होती. मात्र १६६ लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास ही घट मंदावल्याचे २०२४ मध्ये या प्रयोगातून दिसले. त्यामुळे कणांना वेग देणाऱ्या यंत्रणेबद्दलच्या प्रचलित कल्पना पुन्हा तपासाव्या लागणार आहेत.