लाखोळी आणि मेंदूचे पांढरे धागे

लाखोळीची डाळ फार खाल्ली की पाय जातात, हे विदर्भात जुन्या बायांच्या तोंडून पुष्कळजणींनी ऐकलं असेल. पण पाय जातात म्हणजे नेमकं काय जातं? आज आम्ही तेच सांगणार आहोत.

बकऱ्याचा भेजा चिरला की वरचा थर करडा दिसतो, आतला गर पांढरा. माणसाचा मेंदूही तसाच. वेसालियस नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने १५४३ साली आपल्या ग्रंथात हा फरक मांडला. करड्या भागात पेशी असतात, तिथून हुकूम निघतो. पांढऱ्या भागात बारीक तंतू असतात, ते हुकूम पोचवतात. विहिरीवरच्या मोटारीच्या वायरीला असतं तसं बहुतेक तंतूंना वेष्टण असतं, पण चरबीचं. त्यामुळेच तो भाग पांढरा. जर्मनीच्या विर्खो यांनी १८५४ मध्ये त्या वेष्टणाला मायलिन नाव दिलं.

पाय हलवणारे तंतू फार लांब. ते माथ्याजवळून निघतात, मानेच्या वर बहुतेक सगळे बाजू बदलतात आणि पाठीच्या मणक्यांतून कंबरेपर्यंत उतरतात. लाखोळीचं विष यांनाच गाठतं.

याची एक जुनी नोंद स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने केली, सागर जिल्ह्यातली. १८२९ पासून लागोपाठ तीन वर्षं गहू बुडाला, पण त्याच शेतांत लाखोळी तगली. लोकांनी तीच खाल्ली. १८३३ मध्ये तिशीच्या आतली माणसं कंबरेखाली लुळी पडू लागली. पुढे सागर मध्य प्रांतात गेला, राजधानी नागपूर. १९०३ मध्ये वऱ्हाडासोबत आपला बुलढाणाही त्याच प्रांताला जोडला गेला.

रीवा भागात वेठबिगाराला मजुरीच या दाण्यात मिळे. आधी त्याचे पाय ताठरत, मग चालताना कैचीसारखे एकमेकांत अडकत. मग एक काठी, मग दोन, शेवटी सरपटणं. बुद्धी आणि वाचा मात्र शाबूत. वाळलेले तंतू पुन्हा येत नाहीत, आणि यावर औषध नाही.

१९४२ साली युक्रेनमधल्या वाप्नियार्का छावणीत ज्यू कैद्यांना हाच दाणा खायला घातला. कैद्यांतलेच डॉक्टर आर्थर केसलर यांनी आजार ओळखला. सागरचा शेतकरी, रीवाचा मजूर, छावणीतला कैदी, तिघांनाही ताटात काय यावं हे ठरवता येत नव्हतं.

आपल्या देशात १९६१ मध्ये अन्नभेसळीच्या नियमांत लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली. १९६४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी दाण्यातलं विष वेगळं काढून दाखवलं.

भंडारा, गोंदियाकडे धानाच्या बांधीत लाखोळी पिकते. कधीमधी खाल्ल्याने पाय जात नाहीत. महिनोन् महिने तेच मुख्य अन्न झालं तर धोका. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं की बरंचसं विष निघून जातं.

आपल्याकडे मात्र तुरीच्या डाळीत आणि बेसनात तिची भेसळ होऊ शकते. लाखोळीचा दाणा चौकोनी, एका बाजूला उतरता असतो. सुटी डाळ घेताना मूठभर सुपात पसरून पाहा. बेसनासाठी हरभऱ्याची डाळ निवडून गिरणीवर दळून आणा. आणि गटात एखाद्या घरी महिनोन् महिने एकच स्वस्त दाणा शिजतोय असं कळलं, तर त्या घरी ज्वारी आणि दुसरी डाळ कशी पोचेल ते बैठकीत ठरवा.