शोकांतिकेचा कृष्णाकाठ

शोकांतिका ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात अथेन्समध्ये बहराला आली. डायोनायससच्या उत्सवात नाटकांच्या स्पर्धा होत; एस्किलस, सॉफोक्लीस, युरिपिडीस तिथेच गाजले. काव्य भावना चेतवते म्हणून प्लेटोने आदर्श राज्यातून कवींना घालवून दिले. त्याचा शिष्य ॲरिस्टॉटल याने काव्याची बाजू घेतली. शोकांतिका भीती व करुणा जागवून त्यांचे विरेचन म्हणजे निचरा करते, कथानक हा तिचा आत्मा, आणि नायक ना पुरता सज्जन ना दुर्जन, तर स्वतःच्या चुकीने कोसळणारा असावा, असे त्याने सांगितले.

संस्कृत नाट्यशास्त्राने मात्र नाटकाचा शेवट गोड व्हावा, नायकाचा मृत्यू रंगभूमीवर दाखवू नये, असा दंडक घातला. भासाचे 'ऊरुभंग' हा ठळक अपवाद. 1843 मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' केले, तेही याच मंगल परंपरेत. सूत्रधार आणि त्याचे साथीदार पदांतून कथा पुढे नेत आणि पात्रे मधल्या जागा भाषणांनी भरत. ग्रीक गायकवृंदाची आठवण व्हावी अशीच ही रचना, पण ती आली होती भारतातल्याच खेळांतून.

मराठीला शोकांतिकेची ओढ लागली ती शेक्सपिअरमुळे, आणि त्यात कृष्णाकाठच्या सातारा-सांगलीचा वाटा फार मोठा आहे. कराडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर यांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले (1883). साताऱ्याचे जुने नाव लावणाऱ्या शाहूनगरवासी मंडळीचे गणपतराव जोशी (1867–1922) त्यातल्या नायकाच्या भूमिकेने अमर झाले. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' रचले. सांगलीचेच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर त्याहून पुढे गेले. 1893 मध्ये लिहिलेल्या 'सवाई माधवरावांचा मृत्यू'त त्यांनी परकी कथा न घेता पेशवाईतली खरी शोकघटना निवडली आणि तिच्यात केशवशास्त्री हा 'ऑथेल्लो'तल्या इयागोच्या वळणाचा कारस्थानी घातला. इतिहासातला पराभव रंगभूमीच्या कामी आणण्याचे हे धाडस मराठी नाटकाला फार उपकारक ठरले.

ॲरिस्टॉटलला अभिप्रेत असलेली चूक मराठीत सर्वांत स्पष्ट दिसते ती वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मध्ये (1970). निवृत्त नट बेलवलकर आपली मिळकत मुलांत वाटून टाकतो आणि पत्नीसह उघड्यावर पडतो. तो दुष्ट नाही, भोळेपणाने चुकतो. म्हणूनच प्रेक्षकांना त्याची कणव येते आणि आपल्या घराचीही धास्ती वाटते. ही भूमिका प्रथम साकारली साताऱ्यात जन्मलेल्या श्रीराम लागूंनी.

मूळ ग्रीक विचार मात्र मराठी ग्रंथात उशिरा आला. विंदा करंदीकरांचे 'ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र' 1957 चे, आणि सॉफोक्लीसच्या नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी केलेले 'राजा ओयदिपौस' 1979 चे. शोकांतिकांचे प्रयोग आधी सुरू झाले, शास्त्र मागाहून आले.