सिंहाचे मागचे पाय

१९५३ सालचा फेब्रुवारी. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये, ग्रँट अ‍ॅव्हेन्यूवर, तू कमरेत वाकून उभा आहेस. तुला दिसतंय ते इतकंच: पुढच्या गड्याचा कमरपट्टा, त्याचे पाय आणि फटाक्यांच्या लाल कागदांनी भरलेला रस्ता. सिंहनृत्यातला बाकीचा सिंह तुझ्या पाठीवर आहे. कापडाखाली उकडतंय, धूर नाकात जातोय आणि ढोल थांबायचं नाव घेत नाही.

सिंहाचं डोकं बांबूच्या कामट्यांचं, वर कागद चिकटवून रंगवलेलं. आतली दोरी ओढली की पापण्या मिटतात. टाळ्या पडतात त्या डोक्याला. पण डोकेवाला झेप घेतो तेव्हा पट्ट्याला धरून त्याला उचलणारा आणि मांड्यांवर पेलणारा तू. म्हणूनच वस्तादांनी, इथे त्यांना सिफू म्हणतात, कित्येक महिने तुला एकही डाव दाखवला नाही. पाय फाकवायचे, गुडघे वाकवायचे आणि नसलेल्या घोड्यावर मांड ठोकून उभं राहायचं. दिवसभर हॉटेलात भांडी घासून आला असलास तरी. तालीम तळघरात. जिना उतरून येणारा प्रत्येक जण ओळखीचा आणि चिनी. बाहेरच्याला कुंग फूची ही विद्या द्यायची नाही.

का, हे तुला कुणी समजावलं नाही, समजावायची गरजही नव्हती. १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना या देशाची दारं बंद झाली. १९४३मध्ये ती किलकिली झाली, वर्षाला १०५ माणसांपुरती. १९०६च्या भूकंपात आणि आगीत ही वस्ती बेचिराख झाली, तेव्हा तिला शहराच्या टोकाला हलवायचा घाट घातला गेला. वाडवडील हटले नाहीत. आणि आता कोरियात युद्ध चालू आहे, अमेरिकेच्या फौजेसमोर चीनची फौज उभी आहे. केबल कारमध्ये शेजारचा माणूस तुझ्या चेहऱ्याकडे पाहतो तेव्हा त्याला कोण दिसतं, हे तुला ठाऊक आहे.

आजवर घरोघरी, गल्लीपुरतं असलेलं चिनी नववर्ष यंदा साऱ्या शहरासाठी खुलं करायचं ठरलं, ते या भीतीपोटीच. एच. के. वाँग आणि इथल्या व्यापाऱ्यांनी पुढाकार घेतला. मिरवणुकीचं नेतृत्व जो वाँग या सैनिकाकडे आहे. अमेरिकेसाठी कोरियात लढताना त्याची दृष्टी गेली. आता तरी आमच्या निष्ठेचा पुरावा कुणी मागू नये, असा त्यामागचा हिशेब. तो मांडावा लागला, याचा मला आजही संताप येतो.

ढोलाची चाल बदलते. म्हणजे दुकान आलं. दारावर लेट्यूसचा गड्डा टांगलाय, त्यात पैशांचं लाल पाकीट. सिंह लगेच झडप घालत नाही. आधी हुंगतो, बिचकतो, मागे सरतो, पुन्हा वास घेतो. या बिचकण्यातच खरी कला आहे. उड्या कुणीही शिकेल. ढोलवाल्याची नजर डोक्यावर खिळलेली, डोक्याचे कान ढोलाकडे आणि तुझे दोन्ही हात पट्ट्यावर. पट्टा किंचित वर खेचला जातो. आता! तू त्याला उचलतोस, त्याची पावलं तुझ्या मांड्यांवर रुततात, वर जबडा मिटतो. पाकीट आत राहतं, फाडलेली पानं गर्दीवर उधळली जातात आणि शुभ म्हणून माणसं ती अंगावर घेतात.

कापड उतरवून तू मोकळ्या जागेत येतोस. मूठ तळव्याला टेकवून वंदन, मग काठी. तळघरात जे इतकं जपलं ते आता भर रस्त्यात, टोप्या घातलेल्या गोऱ्या माणसांपुढे. काठी सणसणते तशी पुढची रांग मागे सरकते. तुझ्यानंतर भाला, मग रुंद पात्याची तलवार. कडेला एक गोरा पोरगा तुझा पवित्रा करून बघतोय, पण त्याचे गुडघे आत वळलेत. तू काठीच्या टोकाने ते हलकेच बाहेर ढकलतोस. सिफूंनी पाहिलंय.

ते रागावत नाहीत. रस्त्यापलीकडे बोट दाखवतात. तिथल्या दुकानदाराने लेट्यूस दुसऱ्या मजल्याच्या सज्जाला बांधलाय. मांड्यांवर भागायचं नाही, खांद्यांवर खांदे चढवून थर लावावे लागणार. खालच्या थरात कोण, हे विचारायची गरज नाही. तू पट्टा आवळतोस आणि धावत सुटतोस.