दात्यांमधला फरक : शर्यतीच्या पोर्शे ९११ ची उंची

१९६३ ते १९८९ या काळातल्या रस्त्यावरच्या पोर्शे ९११ गाड्यांना मुख्य स्प्रिंग म्हणून गुंडाळीची स्प्रिंग नव्हती. गाडीचे ओझे पोलादाच्या सरळ, गोल दांड्यांवर तोललेले असे. दांडीचे एक टोक गाडीच्या सांगाड्यात पक्के बसवलेले आणि दुसरे चाकाच्या आर्मला जोडलेले असे. चाक वर उचलले गेले की दांडीला पीळ बसतो आणि तो पीळ सुटू पाहतो तेव्हा चाक पुन्हा खाली रेटले जाते. या टॉर्शन बारचे पेटंट फर्डिनांड पोर्शे यांच्या श्टुटगार्टमधील कार्यालयाने १९३१ मध्ये मागितले. पुढे हीच दांडी फोक्सवागन बीटलमध्ये आली, ऑटो युनियनच्या ग्रां प्री गाड्यांत आली, १९४८ पासूनच्या पोर्शे ३५६ मध्ये आली आणि तिथून ९११ कडे गेली. शर्यतीसाठी ९११ खाली बसवण्याचा सगळा इतिहास या दांडीच्या स्वभावाने घडवला आहे.

मागच्या चाकांची दांडी आडवी, सांगाड्याच्या नळीत बसते. तिच्या दोन्ही टोकांना दाते कापलेले असतात. आतल्या टोकाला ४० आणि बाहेरच्या टोकाला ४४. हे आकडे मुद्दाम वेगळे ठेवलेले आहेत. आतले टोक एक दाता सरकवले की दांडी ९ अंश फिरते. बाहेरच्या टोकावरची, दांडीला चाकाच्या आर्मशी जोडणारी पट्टी एक दाता उलट दिशेने सरकवली की ती ८ अंश ११ कला परत येते. उरतो फरक सुमारे ५० कलांचा, म्हणजे एका अंशापेक्षाही कमी. चाकापाशी तो अर्ध्या सेंटिमीटरहून थोडा जास्त भरतो. केवळ दातेरी जोडातून, एकही जादा सुटा भाग न वापरता, इतकी बारीक मोजणी साधली आहे. यंत्ररचनेतील हुशारीचा हा नमुना आजही अभ्यासावा असा आहे.

प्रत्यक्ष काम मात्र कष्टाचे. गाडी ठोकळ्यांवर चढवायची, चाक काढायचे, शॉक ॲब्सॉर्बर सोडायचा, पट्टीवरचे झाकण उघडायचे. मग पट्टी तिच्या आधारावरून जपून खाली सोडायची, कारण तिच्यात अजून पीळ शिल्लक असतो. पूर्ण सैल पडल्यावर तिचा कोन कोनमापकाने गाडीच्या उंबऱ्याच्या रेषेशी ताडून पाहायचा आणि कागदावर लिहून ठेवायचा. हा आकडा चुकला तर पुढचे सगळे वाया जाते. त्यानंतर दांडी बाहेर ओढून दाते नव्याने जुळवायचे. प्रत्येक बाजूची दांडी कारखान्यात तिच्या ठरलेल्या दिशेने पीळ देऊन मुरवलेली असते, म्हणून डावी उजवीकडे चालत नाही. टोकावरची खूण पाहूनच बसवावी लागते. दांडीच्या रंगावर ओरखडा राहिला तरी तिथे गंज धरतो आणि त्या गंजातून तडा निघतो. सगळे परत जोडून, गाडी खाली उतरवून, थोडी हलवून बसू दिल्यावर कळते की उंची हवी तशी आली की नाही. आली नसेल तर पुन्हा पहिल्यापासून. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पट्टी दोन तुकड्यांची झाली आणि विकेंद्री बोल्टने तिचा कोन बदलता येऊ लागला, तेव्हा मेकॅनिकांचे कितीतरी तास वाचले.

पुढची बाजू त्या मानाने सोपी. तिथे दांडी लांबीच्या दिशेने, खालच्या आर्मच्या आतून जाते आणि तिच्या मागच्या टोकावरील लहान तरफेला एक स्क्रू टेकलेला असतो. पाना लावून स्क्रू फिरवला की गाडीचे नाक चढते किंवा उतरते. हे काम काही मिनिटांत होते. उंची मोजण्याची पद्धतही विचारपूर्वक ठरवलेली होती. टायर आणि त्यातली हवा बदलली की जमिनीपासूनचे माप बदलते, आणि मडगार्डची कडा तर प्रत्येक गाडीत थोडी इकडेतिकडे असते. म्हणून कारखान्याची पुस्तिका चाकाच्या मध्यापासून दांडीच्या मध्यापर्यंतचा उभा फरक मोजायला सांगे. रस्त्यावरच्या गाडीला पुढे तो १०८ मिमी असे, ५ मिमी कमीजास्त. म्हणजे या मापात उंची ही गाडी आणि जमीन यांच्यातली नव्हती, ती सस्पेन्शनची स्वतःची स्थिती होती. शर्यतीसाठी गाडी खाली घेणाऱ्याने हा भेद सर्वात आधी समजून घ्यायला हवा.

गाडी खाली का घ्यायची याचे कारण साधे आहे. वळणावर आतल्या चाकांवरचे वजन बाहेरच्या चाकांवर जाते, आणि किती जाते ते गुरुत्वमध्याच्या उंचीवर ठरते. हजार किलोची गाडी, गुरुत्वमध्य ५० सेंमीवर आणि दोन चाकांतले अंतर १३५ सेंमी धरले, तर स्वतःच्या वजनाइतक्या आडव्या जोराच्या वळणात सुमारे ३७० किलो भार बाहेर सरकतो. गाडी अडीच सेंटिमीटर खाली आणली की त्यातले १८-१९ किलो कमी होतात. हा लाभ खरा आहे, पण तो पाच टक्क्यांचा आहे, आणि त्यासाठी मोजावी लागणारी किंमत पुष्कळदा त्याहून मोठी निघते. ९११ च्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट आहे. गाडी फार खाली बसली की खालचा आर्म आडव्या रेषेच्याही पलीकडे, चाकाकडे वर चढत जातो. मग वळणात गाडी कलताना चाक आत झुकायचे सोडून सरळ होऊ लागते आणि टायरची बाहेरची कड झिजते. गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही वेगाने खाली जातो, त्यामुळे बुटकी केलेली गाडी आधीपेक्षा जास्त कलते. स्टिअरिंगच्या दांड्यांचा कोनही बिघडतो आणि खड्ड्यावरून जाताना चाक आपोआप दिशा बदलते. ९११ चे इंजिन मागच्या धुरीच्याही मागे टांगलेले असल्याने पुढची चाके आधीच हलकी असतात, म्हणून हा दोष तिला अधिकच जाचतो. सुरुवातीच्या काही गाड्यांच्या पुढच्या बंपरमध्ये तर ११-११ किलोची दोन वजने बसवली होती, आणि पुढे दोन धुऱ्यांमधले अंतर २२११ वरून २२६८ मिमी केले तेव्हा ती वजने काढता आली.

कारखान्याच्या शर्यत विभागाने या अडचणीवर जो मार्ग काढला तो या विषयातला सर्वात शहाणपणाचा धडा आहे. १९७३ च्या कॅरेरा आरएसआरसाठी स्ट्रटवरचा चाकाचा आस वर चढवून घेतला. आस जितका वर, तितकी गाडी खाली, पण आर्मचा कोन जिथल्या तिथे. त्या वर्षी पीटर ग्रेग आणि हर्ली हेवूड यांनी या गाडीवर डेटोनाची २४ तासांची शर्यत जिंकली, आणि मे महिन्यात हर्बर्ट म्युलर आणि खिस फान लेनेप यांनी सिसिलीतली टार्गा फ्लोरिओ. टार्गाचा मार्ग ७२ किलोमीटरचा, गावागावांतून जाणारा, डोंगरातला सार्वजनिक रस्ता होता आणि त्याच्या ११ फेऱ्या मारायच्या होत्या. तिथे सस्पेन्शनला वरखाली होण्यासाठी पुरेशी जागा उरलेली गाडीच टिकणार. सपाट ट्रॅकवर चमकणारी, जमिनीला पोट लावून चालणारी गाडी अशा रस्त्यावर लवकरच ठोके खाऊ लागते.

उलट दिशेचे उदाहरणही याच गाडीचे आहे. १९७८ च्या सफारी रॅलीसाठी ९११ एससी इतकी उंच केली की तिच्या पोटाखाली सुमारे २८ सेंमी मोकळी जागा राहिली. व्हिक प्रेस्टन ज्युनिअर दुसरे आले. केनियाच्या वाटांना उंची लागत होती आणि टॉर्शन बारवरच्या गाडीने तीही दिली.

अमेरिकेत उंची वाढवण्याचे कारण शर्यतीशी अजिबात संबंधित नव्हते. तिथल्या बंपरच्या नियमांमुळे १९७४ पासून अनेक स्पोर्ट्स गाड्या उंच होऊन विकल्या गेल्या. ब्रिटिश एमजीबी या गाडीची वळणावरची पकड त्यामुळे बिघडली. तिथल्या ९११ मालकांना गाडी आधी युरोपच्या मापावर उतरवावी लागे आणि मगच शर्यतीचा विचार करता येई.

शर्यतीत टॉर्शन बारचे दिवस तोवर भरत आले होते. प्रत्येक ट्रॅकसाठी वेगळा कडकपणा आणि वेगळी उंची हवी असताना दर वेळी दाते जुळवत बसणे परवडणारे नव्हते. १९७४ च्या टर्बो आरएसआरमध्ये टायटॅनियमच्या गुंडाळी स्प्रिंगा आल्या आणि त्यांच्या आट्यांच्या बैठकीवर उंची हाताने फिरवून बदलता येऊ लागली. १९७६ पासूनच्या, ९११ वरच आधारलेल्या ९३५ या शर्यतीच्या गाडीने तीच वाट धरली. १९७८ मध्ये पोर्शेचे अभियंते नॉर्बर्ट सिंगर यांनी ९३५ चा तळाचा पत्रा कापून वर नेला, त्यामुळे सस्पेन्शनची मांडणी न बिघडवता अख्खे शरीर सात-आठ सेंटिमीटर खाली आले. लांब शेपटीच्या त्या पांढऱ्या गाडीचे ‘मोबी डिक’ हे नाव सर्वांच्या तोंडी आहे, पण तिची खरी करामत तिच्या तळाशी आहे. रस्त्यावरच्या ९११ ने मात्र १९८९ मध्ये ९६४ ही नवी पिढी येईपर्यंत दांडी सोडली नाही.

आज ऐतिहासिक शर्यतींत उतरणाऱ्या ९११ ला आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या (एफआयए) ‘के’ परिशिष्टानुसार त्या काळातलीच रचना ठेवावी लागते, म्हणून टॉर्शन बारची विद्या जिवंत आहे. उंची बसली की काम संपत नाही. चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवतात, चालकाच्या आसनावर त्याच्या वजनाइतके पोते, टाकीत ठरावीक इंधन, गाडीचे कलणे रोखणारा अँटी-रोल बार सोडलेला. मग तिरकस जोड्या पाहतात: पुढचे डावे अधिक मागचे उजवे, आणि पुढचे उजवे अधिक मागचे डावे. एक कोपरा वर चढवला की तो आणि त्याच्या तिरक्या समोरचा कोपरा जड होतात, बाकीचे दोन हलके. म्हणून एका स्क्रूचा पाव फेरा चारही काट्यांवर दिसतो. दोन्ही बेरजा जवळ येईपर्यंत पुढचे स्क्रू थोडे थोडे फिरवत राहतात, दर वेळी गाडी पुढेमागे ढकलून बसू देतात, आणि काटे स्थिरावल्यावर चाकांचे कोन नव्याने तपासतात, कारण उंचीबरोबर तेही हललेले असतात. सर्वात शेवटी अँटी-रोल बारचे दुवे ताण न येईल इतक्या लांबीवर जोडतात आणि गाडी ट्रॅकवर सोडतात.